आंदणात गेलेला किल्ला : ख्लेमूत्सीचं प्रकरण

किल्ल्यावर लिहायला बसलं की आपण उंची सांगतो, बुरूज मोजतो, वेढ्यांच्या तारखा देतो. पैसा कुठून आला याला फार तर एक ओळ मिळते. ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ख्लेमूत्सीची गोष्ट मात्र हिशोबाच्या वहीपासूनच सुरू करावी लागते. 1220 ते 1223 अशी तीन वर्षं त्याच्या भिंतींत जो पैसा मुरला, तो चर्चच्या जमिनींचा होता. चर्चने तो राजीखुशीने दिला नव्हता. आणि ज्याने तो किल्ल्याकडे वळवला, त्या जोफ्र्वा द विलार्दुआँ या फ्रेंच सरदाराला त्याच चर्चने वाळीत टाकलं होतं.

बांधणाऱ्याचं म्हणणं होतं की हा किल्ला ग्रीकांच्या धाकामुळे हवा. पुढची दोन शतकं बघितली तर किल्ल्यावरचे मोठे प्रसंग सगळे घरचेच निघतात. विधवेचा हक्क, मुलीचा वाटा, सुनेचं आंदण.

आधी जागा बघू. पेलोपोनीज हा ग्रीसचा दक्षिणेकडचा मोठा द्वीपकल्प. मध्ययुगात त्याला मोरेआ म्हणत. त्याच्या पश्चिम टोकाला इलियाचा सखल, सुपीक मुलूख आहे आणि त्यातून समुद्रात शिरलेल्या जमिनीवर दोन-अडीचशे मीटरची एक टेकडी. सह्याद्रीत पाय झिजवलेला माणूस तिला गड म्हणायला तयार होणार नाही. पण भोवती सगळं सपाट असल्यामुळे तेवढी उंची पुष्कळ होते. पश्चिमेला झाकिंथोस आणि केफालोनिया ही बेटं दिसतात, पूर्वेला सगळं मैदान. टेकडीच्या पोटात आज कास्त्रो नावाचं गाव आहे. कास्त्रो म्हणजे किल्लाच.

आणखी दोन ठिकाणं ध्यानात ठेवली की चित्र पूर्ण होतं. मैदानात आंद्राविदा, ही फ्रँक लोकांची, म्हणजे पश्चिम युरोपातून आलेल्या विजेत्यांची राजधानी. तिला तटबंदी नव्हती. आणि किनाऱ्यावर, किल्ल्यापासून थोड्याच अंतरावर ग्लारेंत्सा, हे इटलीकडे जाणारं बंदर. राजधानी उघडी, बंदर उघडं, आणि दोन्हींवर नजर ठेवणारी एकच टेकडी. तिच्यावर कुणीतरी किल्ला बांधणार हे उघड होतं.

हे फ्रँक तिथे आले कसे? 1204 मध्ये चौथ्या धर्मयुद्धाच्या सैन्याने जेरुसलेमऐवजी कॉन्स्टँटिनोपल लुटलं आणि बायझंटाइन साम्राज्याचे तुकडे वाटून घेतले. जोफ्र्वा त्या लुटीत नव्हता. तो होता सीरियाकडे. बातमी ऐकून निघाला आणि वादळाने त्याचं जहाज पेलोपोनीजच्या दक्षिण टोकाला, मेथोनीला आणून टाकलं. त्याचा चुलता, नाव तेच, त्या धर्मयुद्धाचा प्रसिद्ध इतिहासकार. ही वादळाची हकीकत त्यानेच लिहून ठेवली आहे. मग जोफ्र्वाने गियोम द शांप्लित या शांपेन प्रांतातल्याच सरदाराला गाठलं आणि शंभरेक सरदार नि त्यांचे स्वार एवढ्या बळावर दोघे मोरेआ जिंकायला निघाले. 1205 मध्ये कुंडुरोसच्या ऑलिव्हच्या रानात त्यांनी ग्रीकांचा पराभव केला. किनाऱ्यालगतची बरीच शहरं त्यानंतर फारशी न झगडता हाती आली.

शांप्लित काही वर्षांनी फ्रान्सला परतायला निघाला आणि मेला. इथे जोफ्र्वाचा स्वभाव कळतो. चौदाव्या शतकात लिहिलेलं मोरेआचं इतिवृत्त सांगतं की शांप्लितच्या वारसाला गादीवर हक्क सांगायला एक वर्ष आणि एक दिवसाची मुदत होती. रोबेर नावाचा तो तरुण निघाला. व्हेनिसमध्ये त्याला गोडीगुलाबीने रखडवलं गेलं, वाटेत जहाज त्याला कोर्फू बेटावर सोडून निघून गेलं, आणि अखेर तो मोरेआत उतरला तेव्हा जोफ्र्वा आज या गावी, उद्या त्या गावी असा पुढे पुढे सरकत राहिला. भेट झाली तेव्हा मुदत टळली होती. गोष्ट इतकी बेतशीर आहे की तिच्यावर अक्षरशः विश्वास ठेवू नये. पण विलार्दुआँ घराणं तलवारीइतकंच पंचांगाने लढतं, ही ख्याती तिच्यात आहे. ही वर्ष-दिवसाची मुदत पुढे पुन्हा येईल.

वाद काय होता

जिंकलेल्या जमिनीची वाटणी झाली तेव्हा मोठ्या सरदारांना जहागिरी मिळाल्या, टेंपलर आणि हॉस्पिटलर या लढाऊ पंथांना मिळाल्या, आणि लॅटिन, म्हणजे रोमच्या पोपला मानणाऱ्या बिशपांनाही मिळाल्या. चर्चच्या ताब्यात एकूण जमिनीचा जवळपास तिसरा हिस्सा होता. जहागिरीबरोबर चाकरी आली. इतिवृत्तातला नियम असा : वर्षातले चार महिने मोहिमेवर, चार महिने ठाण्याच्या पहाऱ्यावर, उरलेले चार घरी. पाद्र्यांना पहाऱ्यातून सूट होती, मोहिमेतून नव्हती.

आता जोफ्र्वाची अडचण बघा. मोनेम्वासियाचा खडक अजून ग्रीकांच्या हाती होता, डोंगरातल्या टोळ्या कुणालाच जुमानत नव्हत्या, आणि फ्रान्सहून नवी माणसं येणार ती तुरळक. त्याने बिशपांकडे मदत मागितली. बिशपांचं उत्तर असं की आमच्या जमिनी पोपच्या, तुझ्याकडून आम्ही मान घेतो नि तुला मान देतो, चाकरी देत नाही. यावर त्याने त्यांच्या जहागिरी जप्त केल्या. त्यांनी त्याला बहिष्कृत केलं. तो म्हणाला ठीक आहे, आणि जप्त जमिनींचं उत्पन्न टेकडीवर नेऊन ओतलं. तीन वर्षं. किल्ला झाला.

इतिवृत्ताप्रमाणे त्यानंतर त्याने दोन फ्रान्सिस्कन साधू आणि एक सरदार रोमला पाठवून पोपला कळवलं की मी पैसा खिशात घातला नाही. हा मुलूख गेला तर तुमचे बिशपही जाणार. या किल्ल्याबद्दल त्याचा युक्तिवादही तिथे दिला आहे. सगळा मोरेआ हातचा गेला तरी बंदराजवळचा एवढा किल्ला राखला, तर समुद्रामार्गे येऊन पुन्हा सगळं जिंकता येईल. पोपला हे पटलं, त्याने माफी दिली, सगळे सुखी.

पोपच्या बाजूचे कागद एवढे गोड नाहीत. ऑनोरियस तिसरा हा काही भोळा पोप नव्हता. वादात केवळ चाकरीचा प्रश्न नव्हता. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा चर्चला द्यायचा दहावा हिस्सा, कोण भरणार, चर्चमधल्या चांदीच्या वस्तू कुणाच्या, आणि ग्रीक पाद्र्यांना वेठीची कुळं मानायचं की नाही, असं बरंच गुंतलेलं होतं. शेवटचा मुद्दा दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. गावातला ग्रीक माणूस पाद्री झाला की जहागीरदाराच्या कुळांच्या यादीतून सुटायचा. म्हणून पाद्र्यांची संख्या वाढू लागली, की जहागीरदार कासावीस.

1223 मध्ये तडजोड झाली. जमिनी चर्चला परत. चर्चमधून घेतलेला ऐवज जोफ्र्वाकडेच राहील, त्याबदल्यात तो दरसाल ठरावीक रक्कम देईल. आणि गावाच्या आकाराप्रमाणे किती ग्रीक पाद्र्यांना सूट द्यायची ती संख्या बांधून दिली गेली. बहिष्कार उठला. किल्ला परत करण्याचा प्रश्नच नव्हता. तीन वर्षांचं उत्पन्न दगड-चुन्यात गेलेलं होतं.

मला विचाराल तर जोफ्र्वाने हा डाव तिथेच जिंकला. रोकड परत मागता येते, भिंत परत मागता येत नाही. बिशपांचीही बाजू खोटी नव्हती : एकदा दिलं की कायमचं देणं मागे लागतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बाकी दोघे ज्या पैशासाठी भांडत होते तो ग्रीक कुळाच्या गव्हातून, द्राक्षांतून आणि ऑलिव्हमधून येत होता. ते कुळ आधी बिशपाला भरत होतं, तीन वर्षं राजाला भरलं, मग पुन्हा बिशपाला भरायला लागलं. त्याच्या बाजूने हा सगळा तंटा म्हणजे कारकून बदलल्यासारखा.

एक खुलासा. बापाचं नाव जोफ्र्वा, थोरल्या मुलाचंही जोफ्र्वा, त्यामुळे इतिवृत्तात दोघांची सरमिसळ आहे. किल्ला बापाचाच, हे मत बहुतेकांना मान्य आहे आणि तारखाही त्याच बाजूच्या आहेत.

खिडकीतला ओटा

किल्ल्याचे दोन भाग. माथ्यावर वेडावाकडा षट्कोनी बालेकिल्ला आणि त्याच्या पश्चिमेला बाहेरचा कोट. बालेकिल्ल्यात मधोमध मोकळा चौक आणि चौकाच्या सगळ्या बाजूंनी तटाला पाठ लावून लांबच लांब दोन मजली दालनं. वरून दगडी कमानीचं छत, तेही मध्ये किंचित टोकदार, फ्रान्समधल्या चर्चमध्ये असतं तसं. दोन मजल्यांमधली जमीन लाकडी होती. ती गेली, पण तुळया जिथे बसवल्या होत्या ते खाचे भिंतीत ओळीने दिसतात. खाली कोठारं, वर माणसं.

वरच्या मजल्यावरच्या खिडक्या बघण्यासारख्या. भिंत इतकी जाड की खिडकी म्हणजे एक छोटी खोलीच होते, आणि तिच्या दोन्ही अंगांना समोरासमोर दगडी ओटे. दोघांनी बसावं, उजेडात भरतकाम करावं, बाहेर समुद्र बघावं. पहाऱ्याला अशी खिडकी लागत नाही. पहाऱ्याला चिंचोळी जंगी पुरते. दालनांत शेकोट्या आहेत, धूर जायला भिंतीतून धुराडी काढली आहेत. बाहेरच्या कोटाच्या तटालाही अशा शेकोट्यांच्या खुणा आहेत, म्हणजे तिथेही घरं टेकलेली होती. इथल्या हिवाळ्यात समुद्रावरून ओला वारा येतो. बांधणाऱ्याने शत्रूचा विचार केलाच होता, पण सर्दीचाही केला होता.

म्हणजे हा राजवाडा होता, त्याला तट होता. धाकट्या जोफ्र्वाच्या दरबारात सोन्याच्या आऱ्या लावणारे 80 सरदार कायम असत, असं मारिनो सानुदो हा व्हेनेशियन लिहितो. मोरेआत पॅरिसइतकी चांगली फ्रेंच बोलतात, असं कातालान इतिहासकार रामोन मुंतानेर म्हणतो. फ्रेंचांनी किल्ल्याला क्लेरमों म्हटलं, ग्रीकांच्या तोंडी त्याचं ख्लेमूत्सी झालं.

इटालियन त्याला कास्तेल तोर्नेझे म्हणत. तोर्नेझे हे एक नाणं. जोफ्र्वाचा दुसरा मुलगा गियोम सातव्या धर्मयुद्धात फ्रान्सच्या नवव्या लुईबरोबर होता, आणि त्याच्याकडून त्याने फ्रेंच धर्तीचं नाणं पाडायची परवानगी मिळवली. चांदी कमी, तांबं जास्त असं ते छोटं नाणं. एका अंगाला क्रूस, दुसऱ्या अंगाला चिमुकल्या किल्ल्याचं चित्र आणि कडेने ग्लारेंत्साचं नाव. चित्र बघून वाटतं हा ख्लेमूत्सीच. तसं नाही. ते चित्र फ्रान्समधल्या तूरच्या नाण्यावरून जसंच्या तसं उचललेलं, आणि टांकसाळही खाली ग्लारेंत्सात होती. पण नाणं गावोगाव फिरलं, आणि पैसा बंदरात पडत असूनही नाव टेकडीला चिकटलं.

सोयरीक

शत्रू खरंच आला तो 1259 नंतर. उत्तरेकडे पेलागोनियाच्या लढाईत गियोमचा धुव्वा उडाला. तो गवताच्या गंजीत लपला होता, पुढे आलेल्या दातांवरून ओळखला गेला, असं सांगतात. सुटकेसाठी त्याने मोनेम्वासिया, मिस्त्रास आणि माइना हे तीन किल्ले सम्राट मिखाइल आठव्याला दिले. ख्लेमूत्सी मागितला गेला नाही. 1263 मध्ये बायझंटाइन फौज आंद्राविदावर चालून आली. प्रिनित्साजवळ तीनशेच्या आसपास फ्रँकांनी तिला उधळलं. त्यांचा म्होरक्या जाँ द कातावा संधिवाताने इतका जखडला होता की तलवार धरता येईना, तेव्हा त्याने निशाण हाताला बांधून घेतलं. हे सगळं मैदानात, किल्ल्याच्या बाहेर झालं.

तरीही माणसांची चणचण होतीच. 1267 मध्ये व्हितेर्बोच्या तहाने गियोमने नेपल्सच्या शार्ल द आंजूचा आसरा घेतला. मुलगी इझाबेल शार्लच्या मुलाला द्यायची आणि गियोमनंतर राज्य आंजू घराण्याकडे जायचं. जावई आधी वारला, 1278 मध्ये गियोमही वारला, आणि कराराप्रमाणे मोरेआ नेपल्सच्या खिशात गेला.

फक्त एक अडचण राहिली. ख्लेमूत्सी आणि कालामाता गियोमच्या विधवेकडे होते. ही आना, एपिरसच्या ग्रीक राजघराण्यातली. ग्रीकांपासून रक्षणासाठी बांधलेल्या सर्वांत भक्कम किल्ल्याची मालकीण एक ग्रीक बाई! तिने थीब्जच्या निकोला द सेंत-ओमेरशी दुसरं लग्न केलं तेव्हा नेपल्सला घाम फुटला, कारण तो आधीच गडगंज. तिला दुसरीकडे जमिनी देऊन ख्लेमूत्सी नि कालामाता परत घेण्यात आले. तोफ नाही, वेढा नाही, अदलाबदलीचा कागद.

आता ती वर्ष-दिवसाची मुदत. गियोम सुटला तेव्हा ओलीस म्हणून कॉन्स्टँटिनोपलला गेलेल्यांत मार्गरीत नावाची एक सरदारकन्या होती. ती तिकडे असताना तिला आकोवाची जहागीर वारशाने मिळाली. परत येऊन तिने हक्क सांगितला, तेव्हा मुदत संपली म्हणून गियोमनेच तो नाकारला. ज्याच्यासाठी ती ओलीस राहिली त्यानेच! बरीच रदबदली झाल्यावर तिला तिसरा हिस्सा मिळाला. दोन हिस्से गियोमने स्वतःच्या धाकट्या मुलीला दिले. तिचंही नाव मार्गरीत.

ही दुसरी मार्गरीत म्हणजे किल्ला बांधणाऱ्या जोफ्र्वाची नात. थोरली बहीण इझाबेल वारल्यावर तिने बापाच्या राज्यात वाटा मागितला. नेपल्सने दाद दिली नाही. मग ती मुलीला घेऊन नेपल्सच्या वैऱ्यांकडे, सिसिलीत गेली आणि 1314 मध्ये मुलीचं लग्न मायोर्काचा राजपुत्र फेर्नांदो याच्याशी लावून दिलं. हक्क आंदण म्हणून जावयाच्या पदरात टाकला. पन्नाशीला टेकलेली ही बाई नंतर मोरेआत परतली, तेव्हा तिथल्या सरदारांनी तिच्या जमिनी जप्त केल्या आणि तिला ख्लेमूत्सीवर कैदेत टाकलं. 1315 मध्ये ती तिथेच वारली.

आजोबाने दुसऱ्यांच्या जमिनी जप्त करून बांधलेल्या किल्ल्यात नात स्वतःची जमीन जप्त झाल्यावर मेली. त्याच सुमारास सिसिलीत तिची मुलगी बाळंत झाली आणि महिन्याभराने तीही गेली. ते बाळ पुढे मायोर्काचा राजा झालं. बाप फेर्नांदो फौज घेऊन ग्लारेंत्साजवळ उतरला, बंदर जिंकलं, वर्षभर टिकला. 5 जुलै 1316 रोजी मानोलादाच्या मैदानात त्याची गाठ बर्गंडीच्या लुईशी पडली. लुई हा इझाबेलच्या मुलीचा नवरा. म्हणजे दोन मावसबहिणींचे नवरे. फेर्नांदो मारला गेला आणि काही आठवड्यांत लुईही मेला, विषप्रयोगाची कुजबुज मागे ठेवून.

त्यानंतरचं शतक भराभर सांगता येतं. नेपल्सचे कारभारी, भाडोत्री सैनिक, जेनोवाचं झक्कारिया घराणं, मग केफालोनियाचे तोक्को. तोक्कोंचा आरमारी पराभव झाल्यावर त्यांनी 1428 मध्ये आपली पुतणी माद्दालेना बायझंटाइन राजपुत्र कॉन्स्टंटाइन पालेओलोगोस याला दिली. आंदणात मोरेआतल्या आपल्या जागा दिल्या, त्यात ख्लेमूत्सी आणि ग्लारेंत्सा. मुंबई बेट आंदणात गेलं हे आपण शाळेत शिकतो; इथे तीच चाल सव्वादोनशे वर्षं आधी झालेली. ज्या ग्रीकांच्या भीतीने भिंती चढल्या होत्या त्यांच्याकडे किल्ला गेला तो वाजतगाजत.

कॉन्स्टंटाइनने इथे बस्तान ठेवून पात्राला वेढा घातला आणि शहर घेतलं. माद्दालेना, आता थेओदोरा, लग्नानंतर दीड वर्षही जगली नाही. तिला आधी ग्लारेंत्सात पुरलं, मग मिस्त्रासला नेलं. ग्लारेंत्सा काही काळ कातालान चाच्यांच्या हाती गेलं, तेव्हा कॉन्स्टंटाइनने पैसे मोजून ते सोडवलं आणि पुन्हा कुणी बळकावू नये म्हणून त्याची तटबंदी स्वतःच पाडून टाकली. जोफ्र्वाच्या युक्तिवादातला अर्धा भाग तिथे संपला. बंदराजवळचा किल्ला राहिला, बंदर राहिलं नाही. हाच कॉन्स्टंटाइन 1453 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या तटावर शेवटचा सम्राट म्हणून पडला.

1460 मध्ये तुर्क आले. त्यांनी तटात तोफांसाठी फेरफार केले. 1687 मध्ये व्हेनिसने घेतला, 1715 मध्ये पुन्हा तुर्कांकडे गेला, आणि ग्रीक स्वातंत्र्ययुद्धात इब्राहीम पाशाच्या फौजेने त्याचा काही भाग फोडला. बालेकिल्ल्यातल्या दालनांत आता फ्रँक काळाचं संग्रहालय आहे. काचेच्या पेटीत ग्लारेंत्साची ती छोटी नाणी, आणि वर भिंतीत तुळयांचे रिकामे खाचे.